सांभाळ आणि सोबत

ऑटिझमला मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द कानाला छान वाटतो, जवळजवळ काव्यमय. पण जरा थांबून अर्थ बघा. स्वतःत मग्न, म्हणजे ज्याला बाकी कुणाची गरज नाही असा. मूळ शब्दातही तेच आहे. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९१०-११च्या सुमारास ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्व', यावरून तो घडवला, आणि तोही स्किझोफ्रेनियाबद्दल बोलताना. पुढे १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला आणि तो शब्द या मुलांना चिकटला तो चिकटलाच. म्हणजे नाव ठेवतानाच आपण ठरवून टाकलं की यांना माणसं नकोत.

खरंच नकोत का? गेले काही महिने मी याच प्रश्नाच्या मागे आहे. कारण घरचंच आहे. माझा मावसभाऊ ऑटिस्टिक आहे. वय ३१, राहणार नवीन पनवेल, एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. निदान झालं ते चोविसाव्या वर्षी. घरच्या सगळ्यांना हे माहीत आहे आणि त्याला विचारूनच लिहितेय. त्याची अट एकच होती: 'ग्रस्त' हा शब्द वापरायचा नाही. "पूरग्रस्त असतात ताई, दुष्काळग्रस्त असतात. मी नाही." मान्य! तर या पठ्ठ्याने एकदा मला विचारलं, "माझ्यासारखी मोठी माणसं जमतात कुठे?" लहान मुलांच्या थेरपीचे पत्ते मला चार ठाऊक होते. याचं उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणून हा सगळा इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात कॅनर यांच्या पहिल्या मुलापासून करू. निबंधात त्याचं नाव नुसतं 'डोनाल्ड टी.' असं आहे. तो म्हणजे डोनाल्ड ट्रिप्लेट, जन्म १९३३, गाव फॉरेस्ट, राज्य मिसिसिपी. जून २०२३ मध्ये ८९व्या वर्षी वारला. जगातला पहिला निदान झालेला ऑटिस्टिक माणूस असं त्याला म्हणतात, आणि त्याचं आयुष्य ऐकाल तर चकित व्हाल. कॉलेजची पदवी घेतली, गावच्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, रोज गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला. ओळखीच्या माणसांना तो आकडे देत असे आणि ते आकडे त्याला वर्षानुवर्षं लक्षात राहत. गावाला त्याचं कौतुक होतं. जॉन डॉन्वन आणि कॅरन झकर या दोन पत्रकारांनी त्याच्यावर लिहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सारं गाव त्याला जपतंय.

हे वाचताना मला आमचे अप्पा आठवले. आजोबांचे चुलतभाऊ. जुन्या पनवेलात वाडे होते तेव्हा प्रत्येक वाड्यात असा एक माणूस असायचाच. अप्पांना पनवेल स्टँडवरून सुटणाऱ्या झाडून सगळ्या एस.टी.च्या वेळा पाठ. अलिबाग, पेण, महाड, पुणे, कुठलीही विचारा. नजरेला नजर देत नसत, पंगतीत कधी बसले नाहीत, आणि शेवग्याची शेंग पानात आली की उठून जात. लग्न झालं नाही. लोक त्यांना 'तऱ्हेवाईक' म्हणत, 'एककल्ली' म्हणत, कुणी 'जरा कमी आहे' असंही म्हणे. पण दोन वेळचं ताट कधी चुकलं नाही. दिवाळीला नवा सदरा मिळायचा. गाडीची वेळ विचारायला लोक चौकशीच्या खिडकीऐवजी त्यांच्याकडे यायचे. याला आपल्याकडे सुंदर शब्द आहे: सांभाळून घेणं. अप्पांना काय होतं याचं निदान मी आज करणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण वाड्याने त्यांना सांभाळलं, हे नक्की.

आता इथे दोन गोष्टी बोलायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे सांभाळ सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. डोनाल्डच्या आईचं घराणं गावच्या बँकेच्या मालकांचं होतं आणि वडील वकील. त्यांनीच मुलाविषयी एक लांबलचक पत्र टाइप करून घेऊन कॅनर यांना पाठवलं होतं. कॅनर यांच्या ११ मुलांपैकी ९ अँग्लो-सॅक्सन घरांतली होती आणि २ ज्यू. कॅनर यांनीच हे नोंदवलंय, आणि बहुतेक आईवडील शिकलेसवरलेले आहेत हेही. ज्यांना बाल्टिमोरच्या त्या डॉक्टरपर्यंत पोचता आलं त्यांचीच मुलं 'ऑटिस्टिक' ठरली, इतकं ते साधं आहे. त्याच मिसिसिपीत, त्याच साली जन्मलेला, तशीच नाणी गरागरा फिरवत बसणारा एखादा काळा मुलगा असेलच की. वंशभेदाच्या कायद्यांचा तो काळ. त्या मुलाचं काय झालं ते कुठल्याच निबंधात नाही. आणि ही जुनी गोष्ट आहे असंही समजू नका. डेव्हिड मँडेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली फिलाडेल्फियातल्या गरीब कुटुंबांतल्या मुलांचा अभ्यास छापला. गोऱ्या मुलांचं निदान सरासरी ६.३व्या वर्षी होत होतं आणि काळ्या मुलांचं ७.९व्या वर्षी. एकच शहर, एकच सरकारी आरोग्य योजना, तरी दीड वर्षाचा फरक.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. सांभाळ मिळाला तरी सोबत मिळतेच असं नाही. अप्पांना वाड्यात सगळे ओळखत होते. पण ज्याला एस.टी.च्या वेळापत्रकातला आनंद कळेल, ज्याच्याशेजारी नजर चुकवून बसलं तरी चालेल, असा दुसरा एक अप्पा त्यांना आयुष्यात भेटला नाही. शेजारच्या आळीत एखादा असेलही! पण त्या दोघांची गाठ घालून द्यावी असं कुणाच्या डोक्यात येणार? दोन तऱ्हेवाईक माणसं एकत्र बसवून करायचं काय?

तर ही गाठ जगात पहिल्यांदा कशी पडली त्याची गोष्ट आता सांगते.

कॅनर यांच्यानंतर बराच काळ डॉक्टरांचा. त्यांनी आईलाच दोष दिला. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं ही कल्पना पसरली आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. मग काळ पालकांचा. १९६२ साली ब्रिटनमध्ये आणि १९६५ साली अमेरिकेत पालकांनी संघटना उभारल्या. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिस्टिक मुलाचे बाप. त्यांनी आईच्या दोषाचं खूळ मोडून काढलं. पालकांचे उपकार मोठे आहेत, यात वादच नाही. पण बोलत होते डॉक्टर किंवा आईबाप. ज्याच्याविषयी बोलायचं तो माणूस सभेत असलाच तर नमुना म्हणून.

१९९२ साल उजाडलं. डॉना विल्यम्स ही ऑस्ट्रेलियन ऑटिस्टिक लेखिका आपल्या आत्मकथनाच्या निमित्ताने अमेरिकेत आली होती. जिम सिंक्लेअर आणि कॅथी ग्रँट हे दोघे ऑटिस्टिक, तिचे पत्रमित्र. तिघं सेंट लुईस शहरात कॅथीच्या घरी काही दिवस एकत्र राहिली. फार काही केलं नाही. वस्तू मांडून ठेवल्या, चमकणाऱ्या गोष्टी बघत बसली, वाटलं तेव्हा बोलली. पण जन्मभर परक्या भाषेत बोलणाऱ्या माणसाला अचानक आपली बोली ऐकू यावी तसं त्यांना झालं, अशा अर्थाचं सिंक्लेअर यांनी पुढे लिहिलंय. त्यातून 'ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल' निघालं. ऑटिस्टिक माणसांनी ऑटिस्टिक माणसांसाठी चालवलेली संघटना. १९९३ साली टोरांटोच्या परिषदेत सिंक्लेअर यांनी पालकांना सरळ सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. तुम्हाला हवं होतं ते मूल आलं नाही याचं दुःख तुमचं आहे, पण जे मूल आलंय ते इथे आहे आणि तुमची वाट बघतंय, असा त्याचा आशय. मावशीला मी हे वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. उठून आत गेली आणि चहा टाकला.

१९९६पासून या मंडळींनी 'ऑट्रीट' नावाचं निवासी शिबिर भरवायला सुरुवात केली. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते त्यांचं व्यवहारज्ञान. अत्तर-सेंट लावून यायचं नाही. फ्लॅशचे फोटो नाहीत. कुठल्याही कार्यक्रमाला बसायची सक्ती नाही. आणि प्रत्येकाच्या गळ्यात रंगाचा बिल्ला. लाल म्हणजे माझ्याशी कुणीही बोलायला येऊ नका. पिवळा म्हणजे फक्त ओळखीच्यांनी या. हिरवा म्हणजे मला बोलायचंय पण सुरुवात करता येत नाही, तुम्ही करा. तो हिरवा बिल्ला मला विशेष वाटला. 'यांना माणसं नकोत' हे म्हणणं तिथेच निकालात निघतं. माणसं हवी आहेत, फक्त भेटीचे नियम निराळे हवेत.

पण गंमत बघा (गंमत कसली म्हणा!). या नव्या घरातही तीच जुनी अडचण शिरली. व्यासपीठावर चेहरे बहुतेक गोरेच. काळ्या, आशियाई, मूळनिवासी ऑटिस्टिक माणसांना तिथे आपल्या वंशाविषयी बोललं की परकं वाटायचं आणि आपल्या समाजात ऑटिझमविषयी बोललं की परकं वाटायचं. एक साधं उदाहरण घ्या. रस्त्यात पोलिसाने हटकलं आणि ऑटिस्टिक माणसाने नजर चुकवली, हात हलवले, उत्तराला उशीर केला. अमेरिकेत गोऱ्या माणसाला यात जितका धोका, त्याहून काळ्या माणसाला कितीतरी जास्त. हा अनुभव ज्याला नाही त्याच्यापुढे तो किती वेळा समजावून सांगायचा? शेवटी लिडिया ब्राउन, ई. ॲश्कनाझी आणि मोरेनिके गिवा ओनाइवू या तिघांनी २०१७ साली 'ऑल द वेट ऑफ अवर ड्रीम्स' हा संग्रह काढला. गोरे नसलेल्या ऑटिस्टिक लोकांनीच लिहिलेला आणि चितारलेला, अशा प्रकारचा पहिलाच. पुढे त्यांनी अशा माणसांना अडीनडीला थोडे पैसे देणारा निधीही उभारला. घरभाडं, औषध, प्रवास असल्या साध्या गोष्टींसाठी. सोबत म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं पुराण पुरे, आपल्याकडे काय? सांगते.

आपल्याकडे पालकांचा काळ उशिरा आला आणि अजून चालू आहे. दिल्लीत मेरी बरुआ या आईने १९९१ साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केलं. मुंबईत पालकांचा 'फोरम फॉर ऑटिझम' आहे. कायद्याचं म्हणाल तर १९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हताच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण त्या कायद्याचा भर पालकत्व आणि देखभालीवर, म्हणजे पुन्हा सांभाळच. २०११च्या जनगणनेत ऑटिझमचा स्वतंत्र रकाना नव्हता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार केले, तेव्हा कुठे प्रमाणपत्र आणि नोकरीतलं आरक्षण या गोष्टी नीट लागू झाल्या. म्हणजे माझ्या भावाच्या शाळा-कॉलेजच्या सगळ्या वर्षांत तो कायद्याच्या हिशेबी जवळपास नव्हताच!

पण सोबतीचा धडा शिकायला आपल्याला सेंट लुईसला जायची गरज नाही. तो कोल्हापुरात आहे.

नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी कमरेखाली अपंगत्व आलं. घरच्यांनी जीव टाकला, उपचार झाले, देवधर्म झाला. म्हणजे सांभाळ भरपूर होता, आणि तरी मरावंसं वाटत होतं. त्यांना उभं केलं ते बाबूकाका दिवाण या गृहस्थांनी. ते स्वतःही तसेच अपंग, आणि हातांनी चालवता येईल अशी करून घेतलेली मोटार स्वतः चालवत. डॉक्टरांनी शंभरदा सांगून जे पटलं नसतं ते त्या एका माणसाला बघून पटलं. याच नसीमादीदींनी पुढे सहकाऱ्यांबरोबर १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. वसतिगृह, शाळा, पुढे सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचा उद्योग. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलं असेल. बाई, मुसलमान आणि अपंग अशा तीन कुंपणांच्या आत जन्म काढलेल्या बाईने चालवलेल्या घरात मुलांना जात-धर्म विचारून वेगळी वागणूक नव्हती, हे मला त्या कामाचं मर्म वाटतं. जे कुंपण स्वतः सोसलंय ते दुसऱ्याभोवती घालायचं नाही.

मुंबईचंही एक उदाहरण. मिठू अलूर यांनी मुलगी मालिनी हिच्यासाठी धडपडत १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. सेरेब्रल पाल्सी असलेली ती मुलगी, मालिनी चिब, मोठी झाली आणि त्याच संस्थेत अपंगांचा स्वतःचा हक्कगट तिने उभा केला. एका बोटाने टाइप करून लिहिलेलं तिचं आत्मकथन २०११ साली आलं. आई बोलली तोपर्यंत तो सांभाळ होता. मुलगी आपल्यासारख्यांना घेऊन बोलू लागली तेव्हा सोबत सुरू झाली. दोन्ही लागतं, पण क्रम पुढे सरकायला हवा ना?

यावर आमच्या काकांनी एक रास्त शंका काढली. "सगळे तसलेच एकत्र आणले तर त्यांना समाजातून आणखी तोडल्यासारखं नाही का होणार?" पनवेलकराला ही शंका येणं साहजिक आहे. नेऱ्याचं शांतिवन आपल्या शेजारीच आहे, कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनाचं. तिथलं काम मोठं आहे. पण कुष्ठरोग्यांच्या वसाहती मुळात का लागल्या, तर बाहेर जागा नव्हती म्हणून. १८९८च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात ठेवता येत असे, आणि तो कायदा केंद्राने रीतसर रद्द केला २०१६ साली! तेव्हा काकांना मी एवढंच म्हटलं की फरक दाराच्या कडीचा आहे. कडी बाहेरून असेल तर तो कोंडवाडा, आतून असेल तर ते घर. ज्येष्ठ नागरिक संघात काका दर गुरुवारी जातात, तेव्हा समाजातून तुटतात का? उलट घरी येतात ते ताजेतवाने होऊन. ते हसले, पण विषय बदलला नाही, हे विशेष.

आता थोडा हिशेब. २०१८ साली छापल्या गेलेल्या, देशातल्या पाच ठिकाणच्या (त्यात आपलं गोवाही होतं) मुलांच्या मोठ्या पाहणीत ऑटिझमचं प्रमाण शंभरात साधारण एक निघालं. पनवेल महापालिकेच्या हद्दीत २०११च्या जनगणनेप्रमाणे पाच लाखांच्या आसपास माणसं होती. अगदी ढोबळ धरलं तरी पाच हजार ऑटिस्टिक माणसं एकट्या पनवेलात! त्यातली मोठी माणसं किती? ती कुठे आहेत? मुलांची थोडीफार दिसतात, रिक्षातून थेरपीला जाताना. मोठी दिसत नाहीत. ती कोपऱ्यातल्या टेबलावर हिशेब लिहितायत, किंवा मागच्या खोलीत बसलीयत, किंवा सून म्हणून सगळ्यांची बोलणी खातायत की हिला माणसांत मिसळता येत नाही. ज्यांच्याकडे मुंबईच्या डॉक्टरची फी आणि इंग्रजीतले फॉर्म भरण्याइतकं इंग्रजी आहे त्यांना नाव तरी मिळतं. कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या, पाड्यावरच्या माणसाला तेही नाही. तो 'खुळा'च राहतो. अमेरिकेत जे रंगाने होतं, ते आपल्याकडे जात, पैसा आणि भाषा मिळून करतात.

माझ्या भावाला वर्षापूर्वी एक समवयस्क भेटला, मावशीच्या ओळखीतून. दोघं वडाळे तलावाकाठी दोन तास बसले. मावशी लांबून बघत होती आणि तिच्या जिवाची घालमेल चालली होती, कारण दोघांनी मिळून दहा वाक्यंही बोलली नसतील. पक्षी मोजले, वहीत लिहिले, आकडे ताडून पाहिले. घरी आल्यावर मावशी म्हणाली, "जमलं नाही वाटतं रे?" तर तो म्हणाला, "पुढच्या रविवारी पण आहे." आता ते चौघं झालेत, त्यात एक मुलगी आहे. कामोठ्याहून एक जण येतो, त्याचं निदानही झालेलं नाही. त्याला कुणी प्रमाणपत्र विचारलं नाही. त्यांनी नियम लिहून काढलेत, मराठीत. वेळ साडेचार ते साडेसहा, मिनिट इकडेतिकडे नाही. बोललं पाहिजे असं नाही. यायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. कुणाच्या घरच्यांनी मध्ये बसायचं नाही.

"आमच्यानंतर याचं काय?" हा मावशीचा प्रश्न या चार माणसांनी सुटलेला नाही, हे मला माहीत आहे. त्याला घरं लागतील, पैसा लागेल, सरकार लागेल, आणि तिथे सांभाळाला पर्याय नाही. पण परवा कामोठ्याच्या त्या मुलाची नोकरी गेली तेव्हा त्याने पहिला फोन आईला नाही, माझ्या भावाला केला. भावाने घाऊक बाजारात तीन दुकानांत विचारून ठेवलंय. मावशीला हे कळलं त्या रात्री ती म्हणे बऱ्याच दिवसांनी शांत झोपली.

असो. पावसाळा तोंडावर आलाय आणि तलावाकाठी बसता येणार नाही. पनवेलात, शक्यतो जुन्या गावात, तळमजल्यावर एखादी खोली रविवारी दोन तासांसाठी कुणाकडे असेल तर कळवा. ट्यूबलाइट गुणगुणणारी नको आणि पंखा कुरकुरणारा नको. यजमानांनी चहा-पोहे करायचे नाहीत, गप्पा मारायला आत यायचं नाही. किल्ली त्यांच्याकडे द्यायची. बस.